पाण्यात बसलेली सभा

आमचं तिरांगसारी बुडतंय, हे समुद्राला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या शहराच्या नियोजन खात्याला. आणि ते त्याला कळू नये म्हणून घाम गाळला कुणी? आम्हीच.

इथली जमीन खाली खाली जाते आणि पाणी वर वर येतं. मग माणूस काय करतो, घरात भराव घालून जमीन उंच करतो. छप्पर आहे तिथंच राहतं. स्वतःच्या घरात शेवटचं ताठ उभं राहून मी सदरा चढवला तेव्हा माझे सगळे दात तोंडात होते. रस्ता तर इतक्या वेळा उंच केलाय की खिडकीतून आता येणाऱ्याजाणाऱ्याचे फक्त पाय दिसतात. मी गावाला चपलांवरून ओळखतो. आमच्या जावा बेटावर मानानं पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. शेजारचा पाक सार्विदी कपाट उघडण्याआधी दारावर टकटक करतो, कारण खालच्या खणात बांडेंग मासळी अंडी घालते आणि तिला एकदम उजेड सोसत नाही. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तोही माझ्याइतकाच सच्चा माणूस आहे.

तर शहरानं ठरवलं, समुद्राला अडवायला मोठा बांध घालायचा. नियम असा की बांधाची रेघ नकाशावर ओढण्याआधी प्रत्येक गल्लीत जायचं, पाहायचं, लोकांना विचारायचं. रेघ आमच्या पलीकडून, समुद्राच्या बाजूनं गेली तर आम्ही वाचलो. अलीकडून गेली तर आम्ही समुद्राचे.

आमची गल्लीप्रमुख बू कास्मिराह. नवरा गेलेला, मासे भट्टीच्या धुरावर वाळवून विकते, घर शेवटच्या रांगेत. तिच्या स्वैपाकघराच्या मागच्या भिंतीला लाटा रोज हात लावून जातात.

ती म्हणाली, "येऊ देत साहेबांना. डोळ्यांनी पाहतील, म्हणजे बोलायची गरजच नाही."

इथवर सगळं बरोबर होतं. पण मग मशिदीच्या कर्ण्यावरून पुकारा झाला की शहरातून पाहुणे येणार आहेत. पाहुणे! हा शब्द ऐकल्यावर जावाच्या माणसाचे हात त्याच्या ताब्यात राहत नाहीत. कुणी कुणाला सांगितलं नाही, तरी सकाळी सगळी गल्ली श्रमदानाला हजर. शेजारच्या वस्त्यांतून पंप मागून आणले. पाणी उपसलं, चिखल खरवडला, वर कोरडी वाळू पसरली. कमानीला रंग दिला. बायकांनी उंबरे इतके घासले की दोन उंबरे झिजून गेले. माझ्या भिंतीवर भरतीची ओल छातीपर्यंत चढलेली. मी तिच्यावर चुना फासला आणि वर पुतणीच्या लग्नाचा फोटो टांगला.

नियोजन खात्याचे पाक हेंदार्तो आले, फिरले, चहा प्यायले. जाताना त्यांनी बूट उलटे करून पाहिले.

"काय गल्ली आहे हो! तळव्याला कणभर माती नाही!"

आमच्या छात्या अशा फुगल्या की कमानीखालून एका वेळी एकच माणूस बाहेर पडू शकला.

महिन्याभरानं वॉर्डाच्या कचेरीत बोलावणं आलं. भिंतीवर नकाशा लावलेला. शाळेच्या मागून, आमच्या अलीकडून, एक जाड लाल रेघ गेलेली. रेघेच्या आत सगळं हिरवं. बाहेर, जिथं आमची मशीद, माझी खिडकी, सार्विदीचं कपाट असायला हवं, तिथं सगळं निळं.

बू कास्मिराहनं बोट दाखवलं. "पाक, हे निळं काय आहे?"

"समुद्र."

"आणि तिरांगसारी?"

"तेच ते. तुमच्याकडे पाणी येतच नाही ना! मी स्वतः पाहिलंय. म्हणून बांध शाळेच्या मागून वळवला, अंतर वाचलं. बांधाबाहेरची जागा नकाशात निळीच रंगवतात."

सार्विदीनं ‘आ’ वासला तो मिटेचना. अख्ख्या गावाला नकाशावर बुडवलं होतं, आणि आपल्याच हातानं, आपलेच पंप लावून. आम्ही सगळे कास्मिराहकडे पाहायला लागलो. आता ही बोलेल, आता फुटेल.

ती हसून म्हणाली, "पाक, नकाशा फार सुंदर झालाय. रंग तर किती छान!"

"छान, छान," आम्ही सगळे म्हणालो.

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. "समुद्र म्हणाला ना तो? माझ्या स्वैपाकघराला समुद्र म्हणाला?"

"हो बाई," मी म्हणालो. गाव मला म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणतं.

"मग म्बाह कर्तो, एवढे म्हातारे तुम्ही, गावभर तोंड चालवता, तिथं का दातखीळ बसली?"

"तू रंगाचं कौतुक केल्यावर मी काय बोलू? रेघेचं करू?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या खाली उतरून बसलो.

पण बाई खमकी. तिनं हेंदार्तोंना पुन्हा बोलावलं, आमच्या सभागृहात, अमावास्येच्या उधाणाला. आणि गल्लीत ताकीद दिली: पंप नाही, खराटा नाही, फडकंसुद्धा नाही. सगळ्या पंपांचे पट्टे काढून तिनं आपल्या पलंगाखाली ठेवले. काय हाल झाले लोकांचे! पाहुणे येणार आणि दारात पाणी! बायकांना ताप भरला. सार्विदी सकाळी अंगणात वाकलेला सापडला.

"काय चाललंय?" कास्मिराहनं विचारलं.

"काही नाही, पाणी जरा सरळ करत होतो."

हेंदार्तो आले. आम्ही चटयांवर मांडी घालून बसलो. जाईचा गोड चहा आला, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात आला. हेंदार्तोंनी पुढच्या वर्षी लावायच्या झाडांविषयी बोलायला सुरुवात केली आणि दाराच्या फटीतून समुद्र आत आला.

आता ऐका. यजमानानं पाहुण्याला ‘तुम्ही भिजताय’ म्हणायचं म्हणजे आपलं घर ओलं आहे अशी कबुली. पाहुण्यानं म्हणायचं म्हणजे यजमानाचा अपमान. त्यामुळे कुणीच काही म्हणालं नाही. पाणी मांडीवर आलं. हेंदार्तो झाडांवर बोलत राहिले. पाणी कमरेला लागलं. चहाचे पेले तरंगत एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागले. जो ज्याच्यापुढे आला तो त्यानं उचलून प्यायला. भाताची एक गुंडाळी माझ्यापुढून गेली, मी नम्रपणे मान लववून ती पाहुण्यांकडे ढकलली. एक खेकडा हेंदार्तोंच्या दंडावरून खांद्यावर चढला. त्यांनी त्याला जागा करून दिली आणि निंबाच्या रोपांना किती ऊन लागतं ते सांगितलं. त्यांच्या मदतनिसानं नकाशाची गुंडाळी डोक्यावर धरली होती, चेहरा असा की जणू नकाशे असेच धरतात.

पाणी छातीला लागलं. समोर कास्मिराह नुसती त्या गुंडाळीकडे पाहत होती. आणि मग ती उभी राहिली.

"पाक हेंदार्तो, तुम्ही पाण्यात बसलाय!"

कुणीतरी किंचाळलं. तिनं त्यांची विजार ओढली असती तरी आम्ही एवढे हादरलो नसतो. सार्विदी लाजेनं पाण्याखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

"छातीपर्यंत बसलाय! मगासपासून! दर उधाणाला आम्ही असेच बसतो. त्या दिवशी आम्ही तुम्हाला फसवलं. पंप लावले, वाळू टाकली. हा म्हातारा तर भिंतीला चुना फासून बसला होता!"

मी खेकड्याकडे पाहत राहिलो.

हेंदार्तो हळूच म्हणाले, "मला वाटलं, मला एकट्यालाच लागतंय."

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाहुणे होतात."

"आणि आज?"

"आज आमच्यासारखेच भिजलात. आता कसले पाहुणे?"

आम्ही टेबलं जोडली आणि सगळे वर चढलो. हेंदार्तोंनी नकाशा पसरला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि कास्मिराहच्या हातात दिली. "नियम आहे, गल्लीला विचारून रेघ ओढायची. ओढा."

गल्लीत एकच गलका झाला. "पलीकडून! पलीकडून घे!"

"थांबा," हेंदार्तो म्हणाले. "उघड्या पाण्यात मला बांध घालता येत नाही. पाया रुंद लागतो, आणि तो जमिनीवरच लागतो. पलीकडून घ्यायचा तर शेवटची रांग पायाखाली जाईल."

गलका थांबला. शेवटच्या रांगेतली इतर माणसं केव्हाच शहरात निघून गेली होती. तिथं चूल एकच पेटत होती.

कास्मिराहनं विचारलं, "एक रांग अलीकडे घेतली तर?"

"तर तुमचं घर बांधाबाहेर उभं राहील, आणि त्या अलीकडच्या रांगेतली माणसं उठतील."

त्या रांगेतली माणसं टेबलावर तिच्या शेजारीच उभी होती. एकीच्या कडेवर पोर होतं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनंही कुणाकडे पाहिलं नाही. तिनं पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढली. मशिदीच्या पलीकडून, रिकाम्या घरांवरून, आणि आपल्या स्वैपाकघराच्या मधोमध.

मी ओरडलो, "अगं कास्मिराह, ते तुझं घर!"

"माहितीय म्बाह. मी तिथंच राहते."

हेंदार्तोंनी चष्मा काढला, पुसायला कोरडं कापड शोधलं, सापडलं नाही. "बू, विचार करा. अजून वेळ आहे."

"घ्या हो पेन्सिल." तिनं ती त्यांच्या मुठीत कोंबली. "पाडायला कधी येणार ते तेवढं आधी कळवा. धुराची भट्टी माझ्या सासूनं लावलेली आहे. ती विझून पुरती गार झाल्याशिवाय तिच्या विटा निघत नाहीत."