लोहाराची कडी

गल्लीतल्या सहा घरांनी मिळून एक संडास बांधायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज लोहाराचा होता. "मोकळं रान सोडून चार भिंतींत कोंडून घ्यायला मी काय खुराड्यातली कोंबडी आहे?"

त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. काळोखात काठी आपटत रानात जायचा बायकांना वीट आला होता. त्यांनीच खड्डे खणले. गवंड्याने भिंती उभ्या केल्या, सुताराने दार करून दिलं. घोडं अडलं ते साफसफाईपाशी.

"ते बायकांचं काम," लोहार बैठकीत म्हणाला. इतका वेळ गप्प बसलेल्या पुरुषांनीही लगेच माना डोलावल्या.

"वापरायचं सगळ्यांनी आणि घासायचं आम्ही?" लोहारीण कडाडली. बैठक तिथेच मोडली.

उठता उठता सुतार सहज बोलून गेला, "दाराला कडी तेवढी बाजारातून आणतो."

"बाजारची कडी? माझ्या गल्लीत?" लोहाराच्या शेपटीवरच पाय पडला होता. त्याने भाता फुंकून फुंकून अशी कडी घडवली, की किल्ल्याच्या दरवाजालाही जड व्हावी. बसवलीही स्वतःच. आता ती नीट लागते का, हे आत गेल्याशिवाय कसं कळणार? पण आत पाय ठेवणार नाही, असं तर तो गावभर सांगून बसलेला. शेवटी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नाही असं पाहून तो हळूच आत शिरला आणि त्याने कडी सरकवली.

कडी बसली. अशी बसली, की हलेना.

त्याने ओढलं, ढकललं, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दमून थांबला. आत छान गारवा होता. झरोक्यातून वाऱ्याची झुळूक येत होती. उभा जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसाला तो गारवा मानवला. आलोच आहोत तर, म्हणून त्याने कार्यभागही उरकून घेतला. मोकळं वाटलं. हे कुणाला सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

इतक्यात बाहेरून दार खडखडलं. त्याच्याकडेच राहणारी त्याची सासू पाण्याचा डबा घेऊन उभी होती.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही!" लोहार घाबरून बोलून गेला.

"अगं बाई, जावईबापू!" म्हातारीने अशी हाक दिली, की शेतावरची माणसं धावत आली.

"दार फोडा," गवंडी म्हणाला.

"माझ्या दाराला हात लावायचा नाही. कडी तोडा," सुतार आडवा आला.

"माझी कडी तुटायची नाही!" आतून लोहार गरजला. मग जरा नरमला. "अगं, माझी मोठी कानस दे झरोक्यातून."

लोहारीण कानस घेऊन आली, पण देईना. "आधी साफसफाईचं बोला. पाळी घेणार?"

"मी? लोक काय म्हणतील?"

"बरं, मग रात्रीचं जेवण झरोक्यातून देऊ?"

"घेतो बाई पाळी! पण या हसणाऱ्यांनाही घ्यायला लाव."

बाहेरचं हसू एकदम बंद पडलं. बायकांनी एकेका पुरुषाकडे रोखून पाहिलं आणि सहा घरांच्या पाळ्या उभ्या उभ्या ठरल्या. मगच कानस आत गेली. आपलीच कडी कापताना लोहाराला घाम फुटला. बाहेर आला तो कडीचे तुकडे उचलून तडक भट्टीकडे गेला.

पहिल्या पाळीला त्याने फरशी अशी घासली, की सुताराला बोलावून दाखवली. शेजारच्या गल्लीतली माणसं संडास बघायला आली, तेव्हा हाच पुढे होऊन सांगू लागला, "झरोका मोठा ठेवा. आत वारा खेळला पाहिजे."

त्याने नवी, हलकी कडीही केली. तिची परीक्षा सासूबाईंनी घेतली. आत गेल्या, कडी लावली आणि आरामात बाहेर आल्या. लोहार आशेने बघत होता.

"कडी झकास आहे," त्या म्हणाल्या. "दार मात्र जड झालंय."

सुतार रंधा घ्यायला पाय आपटत घरी गेला.