आवाजाच्या हिरव्या पट्ट्या

त्या घरात टीव्ही आला तो चिमीसाठी. तिच्या आईबापांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चिमीचे कान मात्र ठणठणीत होते. डॉक्टरीणबाईंनी सावकाश ओठ हलवत बजावलं होतं, "घरात सतत बोलणं ऐकू येऊ द्या. नाहीतर पोर बोलायला शिकणार कशी?" तेव्हापासून सकाळी उठल्याउठल्या टीव्ही सुरू व्हायचा, तो चिमी झोपेपर्यंत. खालच्या मजल्यावरची बाई अधूनमधून तणतणत वर यायची आणि कानांत बोटं घालून दाखवायची. चिमीची आई तिला हसून चहा विचारायची. आवाज खालपर्यंत पोचतोय, म्हणजे काम चोख चाललंय!

एक दिवस टीव्हीने मान टाकली. दोघंही शिवणकाम करणारी. नवा एचडी टीव्ही काही त्या कमाईत बसेना. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चिमीच्या आईला एक जुना मॉनिटर मिळाला.

"सेट टॉप बॉक्सची वायर इथे खुपसा की झालं," दुकानदार तिच्याकडे बघून म्हणाला. "एचडी टीव्हीच्या तोंडात मारेल असं चित्र दिसेल." मग वायर शोधायला तो टेबलाखाली वाकला आणि तिथूनही काहीतरी बोलत राहिला. माणसं पाठ करून बोलतात, याची तिला आयुष्यभराची सवय होती. तिने नेहमीसारखी मान डोलावली. याला आवाज नसतो, स्पीकर वेगळा घ्यावा लागेल, हेच तो सांगत होता.

चित्र खरंच लख्ख आलं. बातम्या देणाऱ्या बाईचे दात मोजून घ्यावेत इतकं. तिने रिमोटने आवाज वाढवला. पडद्यावर हिरव्या पट्ट्या भरत भरत टोकाला गेल्या, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आवाज येत नाही हे तिला सांगणार कोण? नवरा तर तिच्याच पंगतीतला. खालच्या बाईचं वर येणं थांबलं, आता ती जिन्यात गोड हसायची. बया सुधारली, असं तिने नवऱ्याला खुणेने सांगितलं आणि दोघंही पोट धरधरून हसली.

काही महिन्यांत चिमी बोलू लागली. पडद्यासमोर मांडी ठोकून बसायची, त्या बाईसारखे ओठ हलवायची, मग आईकडे वळून 'पाणी', 'दे', 'नको'. एकेक अक्षर ओठांवर वाचून घ्यावं! आईला आभाळ ठेंगणं झालं. तिने ताईला मेसेज टाकला, 'ये लवकर. पोर बोलते आमची.'

ताईला, म्हणजे तिच्या बहिणीला, चांगलं ऐकू यायचं. ती आली तशी आईने चिमीला पुढे ढकललं. मावशीला बोलून दाखव, अशी खूण केली. चिमी म्हणाली, 'मावशी, ये.'

ताईने वाकून कान चिमीच्या तोंडाशी नेला.

"परत म्हण गं, बाळा."

चिमीने परत म्हटलं. ताईने पडद्याकडे पाहिलं आणि मॉनिटरच्या मागे हात घालून चाचपलं.

"अगं, याला आवाजच नाहीये," ती बहिणीकडे तोंड करून म्हणाली. "आणि... हिलाही नाहीये गं."

आईला ते पटेना. ताईचा तिला संतापच आला. मुक्यांच्या शाळेत बाई तिची बोटं धरून स्वतःच्या गळ्यावर टेकवायच्या; माणूस बोललं की तिथे थरथर होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती चिमीसमोर गुडघ्यांवर बसली, दोन बोटं त्या इवल्या गळ्यावर ठेवली आणि खुणेने म्हणाली, बोल.

'आई,' चिमी म्हणाली.

तिने बोटं जरा दाबली. पुन्हा बोल.

चिमीने मोठ्ठा आ करून, अगदी मन लावून म्हटलं, 'आई'. बोटांखाली काहीच हललं नाही.