पुढे म्हणजे वर

कागदाच्या गिरणीत तिला सगळे 'वरच्या ताई' म्हणत. गोदामाच्या छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावणारी क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली काचेची केबिन आणि केबिनमध्ये ही. खाली उभा राहून हाताने इशारे देणारा माणूस सगळ्या गिरणीचा मामा होता, भाचा मात्र त्याला एकही नव्हता. रोज सकाळी तो मान वर करून ओरडायचा, "काय वरच्या ताई, बसलात का उंटावर?"

"बसले. शेळ्यांनी आकड्याखालून बाजूला व्हावं!"

काम बघणाऱ्याला सोपं वाटे. कागदाचा एकेक रोल म्हणजे छोट्या मोटारीएवढं वजन. उजव्या हाताचा दांडा स्वतःकडे ओढला की रोल वर, पुढे ढकलला की खाली. इतक्या वर्षांत ते मनाशी म्हणावंही लागत नसे. मामाचा अंगठा वर झाला की हात आपोआप मागे येई. चमचा तोंडाकडे नेताना तोंड कुठे आहे हे कोणी शोधत नाही, तसं.

घरी आल्यावर ती गेम खेळायची. लपूनछपून नाही, बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर मांडी घालून. समुद्रातल्या बेटांवर टपाल पोचवणारं एक छोटं विमान होतं. वारा, ढग, इंधन सगळं सांभाळून ते उतरवायचं. आई जाता येता टोमणा मारी, "दिवसभर अधांतरी लटकतेस, तेवढ्याने भागत नाही वाटतं?" दादा विचारी, "पण यातून मिळतं काय?"

"तुला मॅच बघून काय मिळतं?"

"मॅच वेगळी."

"का? बॉल खरा असतो म्हणून?"

वहिनी या वादात कधीच नसे. गेल्या वर्षी तिचं पोटातलं बाळ गेलं, तेव्हापासून ती कशातच नसे. भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, विचारलं तर उत्तर द्यायची. हसणं मात्र घरातून गेलं ते गेलंच. डॉक्टर झाले, माहेरपण झालं, हवापालट झाला. एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या करता करता टीव्हीसमोर थांबली आणि म्हणाली, "ताई, मी बघू का एकदा?"

तिने विमान सरळ समुद्रात घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा एका बोटीवर आदळलं आणि वहिनी फसकन हसली. स्वयंपाकघरातून आई हातात झारा तसाच घेऊन दारापर्यंत आली, सुनेकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि परत गेली. त्या दिवसापासून टोमणे बंद झाले.

वहिनीची अडचण एकच होती. गेममध्येही विमान वर न्यायला दांडी मागे ओढावी लागे, अगदी क्रेनसारखी. "वर जायचं तर पुढे ढकलणार ना माणूस? मागे काय ओढायचं, बैलाला वेसण घातल्यासारखं?" सेटिंगमध्ये दिशा उलटी करता येत होती. दोघी एकाच कंट्रोलरवर आळीपाळीने खेळत, दर खेपेला बदलत बसायचा कंटाळा येई. म्हणून ताईने वहिनीची दिशाच कायम केली. पुढे म्हणजे वर. पहिले काही दिवस ताईचीच विमानं समुद्रात गेली. वहिनी टाळ्या पिटून म्हणाली, "आता कळलं?" मग हात वळला.

तो किती वळला, ते गिरणीत कळलं.

शुक्रवारी रोल थप्पीवर जवळजवळ टेकला होता. खालची लाकडी फळी तिरकी बसली आहे असं मामाला दिसलं. त्याने अंगठा वर केला, म्हणजे जरा उचला, आणि फळी सरळ करायला पाय पुढे घातला. तिने दांडा पुढे ढकलला. रोल वर जाण्याऐवजी खाली आला. मामाची किंकाळी काचेतून वर पोचली. बुटाच्या पुढच्या लोखंडी वाटीने पाऊल वाचवलं, पण बोटं मोडली. वीतभर पुढे असता तर पायच गेला असता, आणि वाकलेला असता तर मामाच.

ती शिडी उतरून खाली आली तोवर निकाल लागला होता. ब्रेक सरकला. दुसरं काय होणार? आदल्याच आठवड्यात फिटरने ब्रेकचे गट्टू, म्हणजे घासून थांबवणारे ठोकळे, बदलले होते, आणि फिटर म्हणजे तोंडाचा फटकळ. साहेबांशी त्याचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळे त्यांना आयतंच कोलीत मिळालं.

"ब्रेकच सरकला ना हो?" साहेबांनी तिला विचारलं.

"रोल खाली आला," ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. त्याहून मोठी थाप तिने आयुष्यात मारली नव्हती.

फिटरला चौकशीपर्यंत घरी बसायला सांगितलं. जाताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गट्टू माझ्या हाताने बसवलेत मी. सरकायचे नाहीत." कोणी ऐकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हे तिने लहानपणापासून ऐकलेलं, पण या म्हणीत चोर गर्दीत उभा राहून बघत असतो हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

घरी तिने स्वतःची परीक्षा घेतली. डोळे मिटून, हवेत दांडा धरल्यासारखा हात धरून, मनात 'वर' म्हणायचं आणि हात कुठे जातो ते बघायचं. पुढे गेला. पुन्हा केलं, मागे आला. मागे, पुढे, पुढे, मागे. दरवेळी पुढे गेला असता तर तिला बरं वाटलं असतं. चुकीच्या सवयीवर इलाज असतो. कधी हे, कधी ते, म्हणजे केबिनमध्ये बसलेली बाई कोण आहे हे तिलाच सांगता येत नव्हतं.

रविवारी दुपारी वहिनीने कंट्रोलर हातात घेतला. "चला ताई, आज लांबचं बेट."

"वहिनी, आधी ऐक."

तिने सगळं सांगितलं. वहिनीने कंट्रोलर खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं? हात माझा होता."

"दिशा माझी होती." मग घाईघाईने, "गेमचं कशाला सांगता? हात घसरला म्हणा. फिटर सुटेल, विषय संपेल."

"ते विचारतील, इतक्या वर्षांत नाही घसरला, आताच का? दुसऱ्या पाळीचा क्रेनवालाही खेळतो, वहिनी. त्यालाही कळायला हवं."

"आणि आई? तुमचे दादा? ते काय म्हणतील ते माहितीये तुम्हाला. हे एवढं एक आहे माझ्याकडे, ताई." आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

 ताईने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी लांबच्या बेटावर कोणी गेलं नाही.

सोमवारी चौकशीत साहेब, सुरक्षा अधिकारी आणि भिंतीला टेकून फिटर. तिने उभं राहून सांगितलं. गेम, दिशा, हात, सगळं. साहेब आधी हसले.

"अहो, काहीतरीच काय! विमानाच्या खेळाने रोल पडतो होय? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला करता?"

"तुम्ही गाडी बदलली की आठवडाभर इंडिकेटरऐवजी वायपर लावता ना साहेब? तसंच. फक्त माझ्या वायपरला रोल लटकलेला असतो."

सुरक्षा अधिकारी हसल्या नाहीत. त्यांनी ब्रेक तपासणाऱ्याला वर पाठवलं, तो उतरून म्हणाला की ब्रेक ठणठणीत आहे. फिटर कामावर परत आला. तिला क्रेनवरून खाली आणलं, गोदामात रोलवर चिठ्ठ्या चिकटवायला. केबिन पुन्हा मिळेल की नाही हे कोणी सांगेना, आणि मिळावी का हे तिने विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत फिटर तिच्यासमोर येऊन बसला. तिला वाटलं, आभार मानेल.

"शुक्रवारी का नाही बोललात?"

"घाबरले."

"माझी बायको दोन दिवस रडतेय." त्याने डबा उघडला, पुन्हा बंद केला. "एवढं असतं तरी काय हो त्या खेळात?"

 "घरी एक माणूस हसायला लागलं होतं."

"आणि इथे एक माणूस मरता मरता वाचलं."

"हो."

"मग कुठलं मोठं?"

गिरणीच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी तोलायच्या तर आधी एकाच मापात आणाव्या लागतात. या दोन कुठल्या मापात आणायच्या? "माहीत नाही," ती म्हणाली. फिटरला हे उत्तर आवडलं नाही. पण तो उठून गेला नाही. डबा उघडून तिथेच जेवला.

संध्याकाळी घरी टीव्हीखालचा गेमचा कप्पा रिकामा होता. बातमी गिरणीतून तिच्या आधी पोचली होती. आई स्वयंपाकघरात नको तितकी भांडी आपटत होती, दादा पेपरमागे होता. वहिनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती, नेहमीच्या जागी.

"आईने काढलं?" ताईने हळूच विचारलं.

"मी काढलं. मीच कपाटावर ठेवून आले." तिने वर बघितलं नाही. "त्या मामांच्या घरी कोणी आहे का हो, बघायला?"

"बहीण येते म्हणतात. नक्की माहीत नाही."

"मी येऊ तुमच्याबरोबर? उद्या?"

ताई तिच्याशेजारी बसली. मामा वहिनीला बघून काय म्हणेल, आणि आपण कोण म्हणून तिची ओळख करून देणार, याचा तिला अंदाज येईना.

"ये," ती म्हणाली.

 जेवणाला अजून बराच वेळ होता.