लाकूड दादाचं, पार्किंग त्यांचं

"सख्ख्या भावाचं दुकान असताना तू त्या पत्र्याच्या गोदामातून कपाट आणणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत. तिथे गाडी लावायला जागा तरी असते," धाकटी म्हणाली. "तुझ्या दुकानासमोर लावली, तर शेजारच्या औषधवाल्याने माझ्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार केला."

दादा सुतार. नुसती टिचकी मारून लाकूड ओळखायचा. पण वर्षभरात एकेक गिऱ्हाईक शहराबाहेरच्या त्या दुकानाने गिळलं होतं. आता बहीणही गेली, तर कुलूपच लावायचं. म्हणून रविवारी तोही तिच्यासोबत गेला, खिशात टेप घालून, त्यांचं पितळ उघडं पाडायला.

दुकान कसलं, विमानतळच तो! जमिनीवर बाण. बाणामागून चाला, पलंगांतून सोफ्यांत, सोफ्यांतून स्वयंपाकघरांत. पोरांना घसरगुंडी, म्हाताऱ्यांना कॉफी, दमलेल्या नवऱ्यांना खुर्च्या, आणि त्याही विकायलाच ठेवलेल्या. दादाने तीनदा बाहेरचं दार शोधलं, तीनदा त्याच गादीपाशी आला. गर्दी अशी, की फुकट वाटतायत की काय!

शेवटी एका कपाटापाशी त्याने गुडघे टेकले आणि मागची फळी ठोकली. "भुसा! भुसा आणि डिंक! पाणी लागू दे, बेडकासारखं फुगेल."

चार-पाच जण जमले. दादाला चेव आला. खणात डोकं घालून त्याने एकेक सांधा हलवून दाखवला. एका बाईने तर फोनमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली. "तुमचं दुकान कुठंय हो? आम्हाला असंच हवंय, पण खऱ्या लाकडाचं. कधी मिळेल?"

झालं. पस्तीस वर्षं एकच वळण लागलेली जीभ ती.

"आठ दिवसांत," दादा म्हणाला.

धाकटी फिस्सकन हसली. "माझ्या पोराचा पाळणापण आठ दिवसांतच देणार होता. पोरगं चालायला लागलं, तेव्हा आला."

बाईने दादाकडे पाहिलं, बाजूला रचलेल्या सुट्या कपाटाच्या खोक्याकडे पाहिलं आणि खोकं ढकलगाडीत टाकलं. "हे आज संध्याकाळीच उभं राहील घरात," ती जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाली. बाकीचे बाणामागून पांगले.

दादाचे कान लाल झाले. तेवढ्यात धाकटीनेही एका खोक्याला हात घातला.

"थांब!"

"कशाला? तुझं काम चांगलं, माहितीय मला. पण मी कपडे कुठे ठेवू, तुझ्या शब्दावर? तारीख सांग. खरी सांग."

 दादाने जन्मात पहिल्यांदा बोटांवर दिवस मोजले. कापणी, रंधा, सांधे, पॉलिश, ते वाळायला दोन दिवस.

"वीस... नाही, बावीस तारीख. दुपारपर्यंत."

"आणि नाही आलं तर?"

"तर हेच घे. मी स्वतः येऊन जोडून देईन."

 धाकटीचा हात खोक्यावरच होता. "लाकूड तरी आणलंयस का?"

दादाने घड्याळ पाहिलं.

"वखार एक वाजता बंद होते. निघतो मी. आत्ताच निघायला हवं."