बिनपायऱ्यांचं घर

शिरपूरच्या वेशीबाहेर, चढावरच्या जागेत सुपडू गवंडी चुन्याच्या फक्कीने घर आखत होता. रस्त्यालगत ओसरी, वर माजघर, त्याच्याही वर चूल आणि मधे जागोजागी पायऱ्या. झुलालआबांनी सगळ्या पायऱ्या पायाने पुसून टाकल्या.

"पायऱ्या नको. चुलीपर्यंत उतारच ठेव."

"आबा, भराव केवढा लागी! असं घर कोणी बांधस का?"

"सांगं तेवढं कर!" आबा खेकसले.

बाभळीखाली उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या मनात लख्ख उजेड पडला. तिची लेक तानू एका पायाने अधू, पायरी आली की भिंत धरून थांबायची. चरखा चालवणाऱ्या मास्तराशी मनाने लग्न करून ती धुळ्याला गेली, तेव्हा आबा गरजले होते, "माले पोर नही शे!" त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

झुंबरबाई पुढे झाली. दारासाठी सोडलेल्या जागेतून आत शिरली आणि तानूसारखा पाय ओढत चुलीपर्यंत चढून गेली.

आबा खाली पाठ करून उभे होते. तसेच, मागे न बघता त्यांनी विचारलं,

"दम लागी का तिले?"