खिडकीतून दिसलं पाहिजे

टंबलरातलं उरलेलं पाणी श्रीनिवासरावांनी विहिरीजवळच्या वाळक्या काडीला घातलं. स्वयंपाकाला येणाऱ्या शेषम्मांनी ते रोजच्यासारखं दारातून बघितलं.

"राव, ती उगवली की मला सांगा. मी पायसम करते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

फोन वाजला. पडद्यावर विनुता होती, अंगात स्वेटर. तंजावुरात घामानं श्रीनिवासरावांचा बनियन पाठीला चिकटला होता.

"अप्पा, आज नक्की सांगायचं. नर्सरीवाला उभा आहे."

डोंगरावर कोटगिरीला तिनं त्यांच्यासाठी खोली बांधून घेतली होती. खिडकीपुढं दगड रचून उतार केला होता. त्या दगडांमधे आणि वाटेच्या कडेला पोटेंटिलाचं फुलझाड लावायचं होतं, कारण आईला ते आवडलं होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांची बायको कनकलता तिथून एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली होती. दोन बस बदलून.

"इथं जगणार नाही ते," श्रीनिवासराव तेव्हा म्हणाले होते. दहा दिवसांत ते वाळून काडी झालं. ती मात्र रोज पाणी घालत राहिली, आषाढात वारेपर्यंत.

विनुतानं फोन रोपांकडं फिरवला. "हे पांढरं. झुडूप होतं, फुलं भरपूर. हे लाल. आणि हे पिवळं, आईचं. हे जमिनीलगत पसरतं."

"कळवतो. घाई काय आहे? वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत डोंगर चढत नाहीत."

"डोंगरावरच्या देवळात जात नाहीत, अप्पा. कोटगिरीत मी राहते, देव नाही. आणि तारखेनं वर्ष झालंसुद्धा."

"तारखेनं नसतं. मधे अधिक ज्येष्ठ आला. आपलं वर्ष तेरा महिन्यांचं."

विनुता हसली. "वर्षश्राद्ध झालं की म्हणाल, आडी महिना चालू आहे, आडीत घर बदलत नाहीत. तेव्हा तमिळ पंचांग!"

ते खरंच तसं म्हणणार होते. त्यांनी चष्मा काढून पंच्याला पुसला.

"अप्पा, गेल्या महिन्यात तुम्ही न्हाणीत पडलात. दोन तास. शेषम्मा आल्या म्हणून कळलं. मला तुम्ही सांगितलंसुद्धा नाही." तिचं हसू गेलं होतं. "मी इथं फोन उशाशी घेऊन झोपते. आईच्या वेळी पोचले नाही मी."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. शेषम्मा ऐकत होत्या. श्रीनिवासरावांनी काडीकडं बघितलं, मग विहिरीच्या कठड्याकडं. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. हे परसू किती लांब, किती रुंद, ते त्यांना न मोजता ठाऊक होतं.

"सरी, बरं," ते म्हणाले. "आडी संपला की येतो."

विनुतानं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.

"पांढरं किती उंच होतं?"

"गुडघ्याच्या वर. छान कुंपणासारखं दिसेल. पुढं उतार आहे, त्यामुळं तुम्हालाही सुरक्षित."

"नको. आणि पिवळं?"

"चार बोटं. फार तर वीतभर."

"मी खुर्चीत बसलो तर त्याच्यावरून पलीकडचं दिसेल?"

"दिसेल की. पण पलीकडं काय आहे, अप्पा? नुसती दरी. सकाळी तर धुकं असतं."

"दरीत रस्ता आहे ना. खाली मेट्टुपाळयमला उतरणारी बस जाते तो, इकडं यायचा."

फोनमधे वाऱ्याचा आवाज येत होता. मागं नर्सरीवाल्यानं तमिळमधे काहीतरी विचारलं. विनुतानं त्याला हातानं थांबवलं.

"जाते," ती म्हणाली. "दिवसातून बऱ्याचदा जाते."

"मग पिवळंच लाव. आणि वाढलं तर छाटत राहा."

फोन ठेवून ते उठले. टंबलर विहिरीजवळच होता. त्यांनी तो भरला आणि आत हाक मारली.

"शेषम्मा, मी गेल्यावर इथं पाणी कोण घालेल?"

शेषम्मा दारात आल्या. या वेळी त्यांनी पायसमचं नाव काढलं नाही. ओले हात पदराला पुसून त्यांनी टंबलरासाठी हात पुढं केला.