मागायचं पान

'खंदक' हा दोघांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ. आपल्यासमोर पत्त्यांचा किल्ला रचायचा आणि समोरच्याची वेस पाडायची. वेस पडली की डाव संपला, असं नियमात स्वच्छ छापलंय. पण राजाजीनगरच्या या घरात छापणाऱ्याला विचारतो कोण! धाकटा वादिराज हरला की पत्ते भिरकावून मोरीत जाऊन बसायचा. म्हणून अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पहिल्या आवृत्तीलाच आपलं एक कलम चिकटवलं: ज्याची वेस पडेल त्यानं समोरच्याकडून हवं ते एक पान मागायचं, समोरच्यानं ते द्यायचंच, आणि डाव पुढे चालू. मग काय, "अक्का, सरदार दे," म्हणत वादी खुशाल हात पुढे करायचा आणि थोरली अनुसूया कुरकुरत आपला सरदार त्याच्या तळहातावर ठेवायची.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा पठ्ठ्या इंजिनिअरिंगला होता. चित्रं बदलली, किल्ले बदलले, मागणं काही सुटलं नाही. पुढे तो टोरांटोला गेला, अण्णा वारले, आणि बहीणभावाचं बोलणं फोनवरच्या खुशालीवर येऊन थांबलं. "लोणचं पाठवू का रे?" असं हिनं विचारावं, तर "इथे सगळं मिळतं गं," हे उत्तर ठरलेलं. सगळं मिळतं म्हणे. अनुसूयेला त्या वाक्याचा मनस्वी राग होता.

यंदा ऑफिसच्या कामासाठी येतोय म्हणून त्यानं कळवलं. तिसरी आवृत्ती आणतो म्हणाला; तिकडे मित्रांबरोबर तीच खेळतो. अक्कांनी लगेच जयनगरचा रस्ता धरला. तिथल्या एका कॅफेत असले खेळ मांडून बसतात. तिथे जाऊन कॉलेजच्या पोरींबरोबर तिनं तिसरी आवृत्ती अशी घोटली, की पोरीच म्हणायला लागल्या, "आंटी, स्वल्प दया करा." जिंकण्याचं कसलं कौतुक तिला? वादीला कोंडीत पकडायचं होतं. कोंडीत सापडल्याशिवाय तो काही मागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि त्यानं आपल्याकडे काहीतरी मागावं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

तो आला, जेवला, पत्ते मांडले. "अक्का, सांभाळून हं," म्हणून चिडवलंसुद्धा. पण थोड्याच वेळात डाव त्याच्यावर उलटला. रसद तुटली, बुरूज गेले, आणि शेवटी वेस पडली.

"पडली, वादी," ती म्हणाली.

"पडली की."

हातातले पत्ते तिनं उगाच सारखे केले. वादिराज हसला आणि त्यानं टेबलावरून हात पुढे केला.

अनुसूयेनं घाईघाईनं सरदार काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

तो पानाकडे बघतच राहिला. "हे काय? अगं, शेकहँड करतोय. तिकडे डाव संपला की करतात." मग त्याला आठवलं. "अण्णांचं कलम! अजून लक्षात आहे तुझ्या? लहान होतो गं मी तेव्हा."

त्यानं सरदार गड्डीत परत सरकवला आणि हात पुन्हा पुढे केला. डोळे भरून आले होते, त्यामुळे तिला तो नीट दिसेना. सख्ख्या भावाशी हात मिळवायचा म्हणजे किती जोरात धरायचा, हेही तिला माहीत नव्हतं.